‘मजाक होती बे!’ : उपरोधाची सवय आणि संशोधकाचं सरळ वाक्य

आमच्या मंगरूळपीरच्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणी पेट देतंय, कोणी नेट-सेट, कोणी पीएचडीला लागलेलं. असे पंधरा-वीस जण. मागच्या वर्षी एका रात्री त्यातल्या एकाने लिहिलं, "सोडतो बाप्पा हे पीएचडी. बसस्टँडसमोर चहाची टपरी टाकतो. नाव ठेवतो डॉक्टर टी स्टॉल." खाली हसऱ्या इमोजींची रांग लागली. एकाने लिहिलं, "मंग वायवा तिथंच घेऊ." मी लिहिलं, "उद्घाटनाले कुलगुरूंना बोलाव." माझ्या ओळीला सगळ्यात जास्त बदाम मिळाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी कळलं की त्याने खरंच काम थांबवलंय. सिनॉप्सिस तिसऱ्यांदा परत आला होता, घरी पैशांची अडचण होती, आणि त्या रात्री तो आम्हाला तेच सांगत होता. आम्ही सगळे भाषा, साहित्य, समाजशास्त्र शिकलेले. वाक्याचा अर्थ लावणं हाच आमचा धंदा. आणि पंधरा-वीस जणांपैकी एकालाही ते वाक्य वाचता आलं नाही.

या पोस्टचा विषय तिथून सुचला. उपरोध वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : उपरोधाच्या खाली सांगण्यासारखं एक सरळ वाक्य असलं पाहिजे, आणि विचारलं तर ते वाक्य बोलून दाखवायची तयारी पाहिजे. ते नसेल तर उपरोध ही नुसती लपायची जागा होते. आणि ज्याला संशोधन करायचंय त्याला ही सवय इतरांपेक्षा महाग पडते.

आधी शब्द नीट लावून घेऊ

उपहास, टोमणा, उपरोध हे शब्द आपण एकाच अर्थाने फेकतो. उपहासात कोणीतरी लक्ष्य असतं, त्याला हसायचं असतं. टोमणा समोरच्याला लागावा म्हणूनच मारलेला असतो. उपरोध ही मात्र बोलण्याची रीत आहे : शब्द एक सांगतात, म्हणायचं दुसरंच असतं. तीच रीत उपहासासाठी वापरता येते, लाडाने चिडवायला वापरता येते, आणि स्वतःचं दुःख झाकायलाही वापरता येते.

हे काही इंटरनेटने आणलेलं नाही. आपल्या काव्यशास्त्राने याची बारीक चिकित्सा केलेली आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त (अकरावं शतक) एक उदाहरण आहे. ज्याने आपलं वाईट केलं त्यालाच एक माणूस म्हणतो की तुम्ही फार उपकार केलेत, असेच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखात जगा. इथे शब्दाचा अर्थ पूर्णपणे बाजूला टाकावा लागतो, म्हणून या प्रकाराला ‘अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनी’ म्हणतात. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या मिषाने निंदा, हा अलंकार तर आपण शाळेतच पाठ केला. आणि तिसरी संज्ञा आजच्या विषयासाठी सगळ्यात कामाची : काकू. म्हणजे आवाजाची ढब, स्वराचा हेल. शब्द तेच ठेवून नुसत्या आवाजाने अर्थ उलटतो, त्याला काकुवक्रोक्ती म्हणतात. "लय हुशार हायेस तू!" हे वाक्य आपल्याकडे आई कौतुकाने म्हणते आणि मास्तर रागाने. फरक सगळा काकूत आहे.

आता स्क्रीनवरच्या वाक्याचा विचार करा. तिथे शब्द उरतात, काकू गळून पडते. आपण तिच्या जागी हसणारी इमोजी चिकटवतो. पण ती इमोजी बोलणाऱ्याचा हेतू सांगत नाही, फक्त "तुम्ही हसा" एवढी सूचना देते. आमच्या ग्रुपवर आम्ही ती सूचना पाळली.

अभ्यासक काय म्हणतात

पेटच्या तयारीत हा भाग उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या प्रसिद्ध निबंधात मांडलं की संवादात आपण काही तत्त्वं गृहीत धरतो. त्यातलं एक म्हणजे जे खोटं वाटतं ते बोलू नका. उपरोध करणारा हे तत्त्व उघडपणे मोडतो, ऐकणाऱ्याला ते दिसतं, आणि तो दुसरा अर्थ शोधतो. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्री विल्सन यांना हे पुरेसं वाटलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी म्हटलं की उपरोध हा प्रतिध्वनी असतो. कोणीतरी बोललेलं, किंवा लोक सर्रास बोलतात ते, आपण पुन्हा उच्चारतो आणि त्याबद्दलची आपली नापसंती दाखवतो. हर्बर्ट क्लार्क आणि रिचर्ड गेरिग यांनी १९८४ मध्ये तिसरी मांडणी केली : उपरोध करणारा सोंग घेतो. तो भोळ्या माणसाच्या तोंडून बोलतो आणि ज्यांना कळतं त्यांनी ते सोंग ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते. बहुरूपी आणि भारूड पाहिलेल्या आपल्या माणसाला ही तिसरी गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

तिन्ही मांडण्यांत एक गोष्ट समान आहे. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची खरी भूमिका आधीच ठाऊक असावी लागते, निदान ओळखता यावी लागते. ती सामायिक जमीन नसेल तर उपरोध उभाच राहत नाही.

आता दोन अभ्यास. रेमंड गिब्ज यांनी २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचे मित्रामित्रांमधले ६२ संवाद तपासले. प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा. त्यात सुमारे ८ टक्के बोलणं उपरोधाचं निघालं. त्यातलंही निम्मं निव्वळ थट्टामस्करी होतं. बोचरा टोमणा म्हणता येईल असं साधारण २८ टक्के. म्हणजे समोरासमोर बसलेल्या मित्रांत उपरोध हा मिठासारखा होता.

दुसरा अभ्यास जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ चा. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने, ईमेलवरून किंवा आवाजातून पोचवायची, आणि समोरच्याने कोणतं कोणतं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं की ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल. आवाजातून ते जवळपास खरं ठरलं. ईमेलवर मात्र ५६ टक्के निघालं. दोन पर्यायांत नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात, हे लक्षात घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा स्वतःचा आवाज वाजत असतो, म्हणून त्याला वाटतं की समोरच्यालाही तो ऐकू जातोय.

हे आकडे अमेरिकी विद्यार्थ्यांचे आहेत. "मराठी माणसं ५६ टक्केच ओळखतात" असं वाक्य कोणाच्या सिनॉप्सिसमध्ये दिसलं तर ते कापलं जाईल आणि कापलंच पाहिजे. पण यंत्रणा कळते : काकू गेली की अर्थ अंदाजावर येतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

झाडी, डोंगार, हाटील

आता आपल्या राज्यातलं उदाहरण घेऊ. जून २०२२. महाराष्ट्रात सत्तेचं बंड चालू होतं, बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे शब्द दोन दिवसांत राज्यभर झाले. मीम, रिमिक्स, टी-शर्ट. लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या सहलीत, कुठेही जरा बरी जागा दिसली की कोणीतरी हे म्हणायचंच. स्पर्बर आणि विल्सन यांचा प्रतिध्वनी शिकवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. एका माणसाने मनापासून म्हटलेलं वाक्य लाखो लोक उपरोधाने उच्चारत होते.

पण कशाबद्दल नापसंती दाखवत होते? इथे खरी गंमत आहे. काही जण हसत होते राजकारणाला : मतदारांनी निवडून दिलेली माणसं परराज्यातल्या हॉटेलात काय करताहेत. काही जण हसत होते त्या बेफिकिरीला, कारण त्याच दिवसांत आसाम भयंकर पुरात होता. आणि पुष्कळ जण हसत होते फक्त ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ला. म्हणजे उच्चाराला, गावरान बोलीला. तिघेही एकच वाक्य म्हणत होते, एकाच मीमवर हसत होते, आणि आपण सगळे एकाच बाजूचे आहोत असं तिघांनाही वाटत होतं.

मी स्वतः ते वाक्य कितीदा म्हटलं असेल, मोजलं नाही. एकदा पुण्यात एका कार्यशाळेत मी बोलताना ‘हाटेल’ म्हणून गेलो आणि बाजूच्याने लगेच ते मीम म्हणून दाखवलं. सगळे हसले, मीही हसलो. रात्री लक्षात आलं की या विनोदाचं लक्ष्य मीही होतो आणि इतके दिवस मीच तो वाटत फिरत होतो. आपण ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणणारी माणसं. शहरी प्रमाण उच्चाराच्या तराजूत आपलंही हाटीलच आहे.

आणखी एक गोष्ट झाली. ते वाक्य थट्टेचं राहिलं नाही, ओळखपत्र झालं. पुढे पाटील स्वतः सभांमधून ते ऐकवू लागले आणि लोक टाळ्या वाजवू लागले. ज्याची टिंगल करायची त्यालाच प्रसिद्धी मिळाली आणि ज्यावर बोलायचं होतं ते प्रश्न बाजूला राहिले. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, १९८५ मध्ये आली. ती असूनही हे सारं कसं घडतं, हा त्या जूनमधला खरा प्रश्न होता. तो विचारायला सरळ वाक्य लागतं. मीमला ते लागत नाही. (२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पाटील सांगोल्यातून हरले. पण निवडणुकीला दहा स्थानिक कारणं असतात. मीममुळे हरले किंवा मीम असूनही हरले, दोन्ही म्हणणं संशोधनात चालणार नाही.)

वेन बूथ यांनी १९७४ च्या उपरोधावरच्या पुस्तकात एक भेद केलाय, तो इथे लावून पाहा. स्थिर उपरोधात वाचक शब्दाचा वरचा अर्थ नाकारतो, लेखकाची धारणा ताडतो आणि एका ठाम अर्थावर येऊन थांबतो. पायाखाली जमीन लागते. अस्थिर उपरोधात एक अर्थ नाकारला की खाली दुसरी पोकळी, तिच्याखाली तिसरी. झाडी-डोंगाराच्या मीमला जमीन नव्हती. प्रत्येकाने आपापली जमीन मनात धरली होती.

ज्यांच्या उपरोधाला जमीन होती

"अहो, मराठी विनोदाचा पायाच उपरोध आहे," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि तो पाया आपल्या भागातला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) नागपूरला जन्मले, अकोल्यात शिकले, खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली केली. आधुनिक मराठी विनोदी निबंध त्यांनी सुरू केला. ‘सुदाम्याचे पोहे’मधला सुदामा हा भोळेपणाने रूढींची बाजू घेतो, आणि तो जितका मनापासून बाजू घेतो तितकी त्या रूढींची पोकळी उघडी पडते. क्लार्क आणि गेरिग ज्याला सोंग म्हणतात ते हेच. पण कोल्हटकरांची भूमिका काय, हे वाचकाला शोधत बसावं लागत नाही. सुधारणेच्या बाजूने असलेला माणूस लिहितोय हे स्वच्छ दिसतं. सोंग काढलं की खाली चेहरा आहे.

दुसरं उदाहरण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पेट आपल्यापैकी बरेच जण देतात त्यांचं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात भाषण करत नसत, प्रश्न विचारत. लोकांच्याच तोंडून उत्तर काढत आणि त्या उत्तरातली विसंगती लोकांनाच ऐकवत. नवसाचा बळी, दारू, कर्ज काढून केलेला सण, शिवाशिव, या सगळ्यावर ते चिमटे काढत, तेही आपल्या वऱ्हाडीत. लोक पोट धरून हसत. पण कीर्तनाच्या आधी त्याच माणसाने गावाचा रस्ता खराट्याने झाडलेला असे. त्यामुळे रात्री ते काय म्हणताहेत याबद्दल कोणाच्या मनात शंका राहत नसे. खराटा हेच त्यांचं सरळ वाक्य होतं. आणि शेवटी ते उघडपणे सांगतही : पोरांना शिकवा, कर्ज काढू नका, दारू पिऊ नका. एवढा तिखट उपरोध करणारा माणूस शेवटी इतकं साधं बोलायला लाजत नव्हता.

आजचा मीम करणारा नेमका इथे अडतो. त्याला चिमटा जमतो. "बरं, मग तुझं म्हणणं काय?" असं विचारलं की तो म्हणतो, "मजाक होती बे, एवढं काय मनावर घेतो?"

या उत्तराची दुसरी, जास्त वाईट बाजूही आहे. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या एका माणसाने एका ऑनलाइन वादात म्हटलं की हसण्याची खूण नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन आणि खरं टोकाचं मत यांतला फरक कळत नाही. हे पुढे ‘पोचा नियम’ म्हणून ओळखलं गेलं. आता त्याचा उपयोग उलटा होतो. जातीवर, धर्मावर, बाईवर हवं ते लिहायचं, कोणी हसलं तर ठीक, कोणी धरलं तर मजाक होती. बोलल्याचा फायदा घ्यायचा, बोलल्याची जबाबदारी घ्यायची नाही.

दुर्बळाचं हत्यार?

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप हा : उपरोध हे दुबळ्याचं हत्यार आहे. साहेबासमोर शेतकरी सरळ बोलू शकत नाही, म्हणून तो म्हणतो, "तुमची लय कृपा साहेब, यंदा पंचनाम्याआधीच पीक वाळलं." सुनेला सासूसमोर सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून ती जात्यावर, उखाण्यात बोलली. हे हत्यार काढून घेतलं तर त्यांच्या हाती काय उरेल?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. त्या शेतकऱ्याच्या वाक्याखाली जमीन आहे. पंचनामा उशिरा झाला, हे त्याचं सरळ वाक्य साहेबालाही ऐकू येतं. शिवाय हा उपरोध खालून वर जातो. आपल्या ग्रुपवरचा उपरोध कोणाकडे जातो ते पाहा. कोणी विचारलं, "मेथडॉलॉजीचं चांगलं पुस्तक सांगा," तर उत्तर येतं, "आले मोठे डॉक्टरसाहेब." कोणी पहाटे उठून अभ्यासिकेत बसला की "कलेक्टर झाला बाप्पा हा." कोणाचा पेपर छापून आला की "नोबेल कधी?" इथे साहेब कोणीच नाही. बरोबरीच्याने बरोबरीच्याचा प्रयत्न हसण्यावारी नेलेला आहे. त्यामुळे प्रयत्न करणाराही आधीच स्वतःची टिंगल करून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याने करायची वेळ येऊ नये. डॉक्टर टी स्टॉल तिथून आला.

उपरोधाने घाव सौम्य होतो की खोल, यावर अभ्यासकांतही दोन मतं आहेत. शेली ड्यूज आणि एलन विनर यांनी १९९५ मध्ये म्हटलं की शब्दाच्या वरच्या, गोड अर्थाची छटा टीकेत उतरते आणि टीका मऊ होते. हर्बर्ट कोल्स्टन यांना १९९७ मध्ये उलट दिसलं : उपरोधाची टीका सरळ टीकेपेक्षा जास्त लागते. असे दोन परस्परविरोधी निष्कर्ष दिसले की नवा संशोधक घाबरतो. घाबरू नका. दोघं वेगळी परिस्थिती तपासत असतील तर दोघंही बरोबर असू शकतात. कोण कोणाला, कोणासमोर म्हणालं, हे बदललं की उत्तर बदलतं. तुमची सिनॉप्सिसची जागा अशाच फटीत असते.

यावर संशोधन करायचं तर

‘उपरोधाचा अतिवापर’ हे शीर्षक घेऊन समितीपुढे गेलात तर पहिला प्रश्न येईल : ‘अति’ म्हणजे किती? टक्केवारीने याचं उत्तर मिळणार नाही. ८ टक्के ठीक आणि २० टक्के अति, असं ठरवायचा आधार काय? मला सुचलेला एक मार्ग सांगतो, त्यात चुका काढा. उपरोध मोजूच नका. मदत मागणारे मेसेज निवडा, आणि प्रत्येकानंतर पहिलं सरळ उत्तर येईपर्यंत किती मेसेज जातात ते मोजा. दोन जातात की वीस? की येतच नाही? ‘अति’ची ही व्याख्या मोजता येते आणि वादात टिकवता येते. उपरोध कितीही असो, सरळ विचारल्यावर सरळ उत्तर मिळत असेल तर तो अति नाही.

अडचणी तीन. पहिली, ग्रुपमधले मेसेज ही लोकांची खाजगी बोलणी आहेत. सगळ्यांची संमती घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरी, कोणतं वाक्य उपरोधाचं हे एकट्याने ठरवायचं नाही. दोघांनी वेगवेगळं ठरवायचं आणि योगायोग वजा करून सहमती तपासायची. त्यासाठी कोहेनचा कप्पा (१९६०) वापरतात. यातला एक जण वऱ्हाडी घरात वाढलेला असू द्या, नाहीतर "लय मोठा मानूस झाला बे तू" यातला लाड दुसऱ्याला टोमणा वाटेल. तिसरी, लिहिणाऱ्यालाच नंतर विचारा की तुला काय म्हणायचं होतं. त्याचं उत्तरही पुरावा आहे, अंतिम निकाल नाही.

आणि स्वतःच्या लिहिण्यात

सोरेन किर्केगार्द यांचा पीएचडीचा विषयच उपरोध होता. सॉक्रेटिसचा आधार घेत त्यांनी १८४१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. तेव्हा प्रबंध लॅटिनमध्ये लिहायचा नियम होता. त्यांनी राजाकडे अर्ज करून आपल्या डॅनिश भाषेत लिहायची परवानगी मिळवली. तोंडी परीक्षा मात्र लॅटिनमध्येच झाली. मराठीत प्रबंध लिहायचा की नाही यावर चर्चा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या प्रबंधाचा एक सूर असा की उपरोध सगळं नाकारू शकतो पण त्याच्या जागी काही ठेवत नाही. म्हणून तो ताब्यात ठेवावा लागतो, त्याच्या ताब्यात जायचं नसतं.

संशोधनाचं अख्खं काम एका वाक्यावर उभं असतं : "माझं म्हणणं असं आहे की..." हे वाक्य लिहिलं की आपण उघडे पडतो. ते चुकू शकतं. वायवाला कोणीही ते धरून ओढू शकतं. ज्याला वर्षानुवर्षं ‘मजाक होती’ म्हणून निसटायची सवय आहे, त्याचा हात इथे थरथरतो. मी सिनॉप्सिस वाचतो तेव्हा हे दिसतं : "असे म्हणता येईल की कदाचित", "काही अंशी असे वाटते की". ही नम्रता वाटते, पण बऱ्याचदा ती उपरोधाचीच सावत्र बहीण असते. दोघींना एकच नको असतं : आपल्या नावावर एक ठाम वाक्य.

म्हणून एक छोटा सराव. आठवड्यातून एकदा, ज्यावर तुम्ही मीम टाकलं किंवा टोमणा मारला, त्याच गोष्टीवर तीन सरळ वाक्यं लिहा : मला काय चुकीचं वाटतं, का वाटतं, आणि मी कोणत्या पुराव्याने मत बदलेन. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड जातं. जमलं तर तुमचा उपरोध स्थिर होता. नाही जमलं तर तो विनोद कशाबद्दल होता हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

मित्राला मी नंतर फोन केला. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी सरळ सांगायचं ना बे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सरळ लिहिलं असतं तं कोनी वाचलं असतं? हासून लिहिलं म्हनून तं तुमी वाचलं तरी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. वरचा सगळा लेख लिहूनही हे वाक्य मला टोचत राहतं, कारण त्यात दोष उपरोध करणाऱ्याचा कमी आणि सरळ वाक्य ऐकायची सवय मोडलेल्या आम्हा सगळ्यांचा जास्त आहे.

त्याचा सिनॉप्सिस आता आम्ही दोघं मिळून वाचतोय. पहिल्या पानावर ‘कदाचित’ सात वेळा होतं. काल दोन उरले. ते दोन राहू देणार आहोत, कारण तिथे खरंच शंका आहे.